मुंबई इंडियन्स परत दहावे. हा सीझन तुम्ही कसा पचवताय?

कातळवाट (रत्नागिरी), १८ मे २०२४

काल रात्री लखनौकडून हरलो आणि आपला आयपीएलचा सीझन एकदाचा संपला. १४ मॅच, ४ जिंकल्या, १० हरल्या, ८ पॉइंट, दहा टीममध्ये दहावा नंबर. झोप लागेना म्हणून लिहायला बसलोय. लांबलचक होईल, पण घरात आता या विषयावर माझं कुणी ऐकून घेत नाही आणि मनात ठेवून चैन पडत नाही.

मी कुठून मॅच बघतो ते आधी सांगतो. पावस गावाजवळ आमची हापूसची थोडी कलमं आहेत. एप्रिल-मे म्हणजे दिवसभर काढणी आणि संध्याकाळपासून शेडमध्ये भरणी. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवलेला आंबा सावलीत पसरायचा, वजनाप्रमाणे निवडायचा, डागी बाजूला काढायचा, पेटीत पेंढा घालून थर लावायचे आणि वाशीच्या मार्केटला जाणारी गाडी यायच्या आत पेट्या ठोकून रस्त्यावर नेऊन ठेवायच्या. साडेसातला मॅच सुरू होते तेव्हा आम्ही नेमके भरणीत असतो. मोबाईल एका क्रेटला टेकवून उभा केलेला, डोळे तिकडे आणि हात आंब्यावर. इतक्या वर्षांत अशी सवय झालीय की आंबा अडीचशेचा की तीनशेचा ते हातच सांगतो, बघावं लागत नाही. २०१९ ची फायनल अशीच बघितली. मलिंगाने शेवटच्या बॉलवर शार्दुलला पायचीत केलं, एका रनाने जिंकलो आणि शेडमध्ये आम्ही सहा-सात जण असे ओरडलो की वरच्या वाडीतून माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली, त्यांना वाटलं कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला.

त्या टीमचं हे काय झालं?

पहिली मॅच २४ मार्चला, नेमका होळीचा दिवस. शिमग्याला सगळे चाकरमानी आलेले, सहाणेच्या (पालखी बसते त्या जागेच्या) मागे एका मोबाईलवर पंधरा डोकी. गुजरातचे १६८. रोहित ४३, ब्रेव्हिस ४६, आपल्या हातात आलेली मॅच आणि ६ रनांनी घालवली. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण पहिली मॅच मुंबई हरतेच, ती आपण देवाला देतो असं आमच्याकडे म्हणतात. पण त्याच मॅचमध्ये नव्या कॅप्टनने, हार्दिकने, जुन्या कॅप्टनला, रोहितला, बाउंड्रीवर पळवलं त्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्रुपवर फिरला, आणि पालखी घरोघरी फिरत असताना आमची पोरं त्यावरून भांडत होती. दोन चुलत भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले, मी खरं सांगतोय.

मग हैदराबादला २७७. आयपीएलमध्ये तोवर कुणी तेवढे केले नव्हते. ते मारत होते ते ठीक, पण बुमराहला चौथी ओव्हर दिली आणि त्यानंतर थेट तेराव्या ओव्हरला परत आणला. मधल्या वेळात १७ वर्षांचा मफाका पहिलीच मॅच खेळत होता, त्याच्या ४ ओव्हरमध्ये ६६ गेल्या. आमच्या वाडीच्या टेनिस बॉलच्या टीमचा कॅप्टनसुद्धा समोरचा सुटला की आपला मेन बॉलर आणतो, याला काय मोठा अभ्यास लागतो? आपण २४६ केले, तेही कमी नाहीत, पण ३१ रनांनी हरलोच.

१४ एप्रिल तर मी विसरू शकत नाही. चेन्नईविरुद्ध शेवटची ओव्हर हार्दिकने स्वतः टाकली, धोनीने लागोपाठ तीन सिक्स मारले, ४ बॉलमध्ये २० रन. नंतर रोहित एकटा उभा राहिला, ६३ बॉलमध्ये नाबाद १०५, आणि मॅच हरलो ती २० रनांनीच. सेंच्युरी झाल्यावर त्याने बॅटसुद्धा धड वर केली नाही. मॅच संपल्यावर खाली मान घालून चालत गेला, ते बघून आमच्या शेडमध्ये कुणी काही बोललं नाही, नुसता खिळे ठोकल्याचा आवाज.

७ मेला आमच्याकडे मतदान झालं, ८ तारखेला हैदराबादने लखनौला दहा विकेटने हरवलं आणि आपण स्पर्धेतून बाहेर, सगळ्यात पहिले.

पण हरण्याचं दुःख मला फारसं नाही हो. २०२२ ला पहिल्या आठही मॅच हरलो होतो, तेव्हाही दहावेच होतो, तेव्हा मी एवढा खचलो नव्हतो. या वेळी लागलंय ते वेगळंच. १ एप्रिलला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध टॉसला हार्दिक आला आणि आपल्याच लोकांनी बू केलं. माझा मुलगा चौथीत आहे, रत्नागिरीच्या बाजारातून घेतलेला ४५ नंबरचा रोहितचा शर्ट घालून माझ्या शेजारी पेंढा पसरत बसला होता. त्याने विचारलं, "पप्पा, हे मुंबईचेच आहेत ना? मग आपल्याच कॅप्टनला का ओरडतायत?" मला उत्तर देता आलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे पाच दिवस आधी २७७ च्या मॅचला मीच हार्दिकला जे बोललो होतो ते शब्द त्याने दुसऱ्या दिवशी अंगणात खेळताना दुसऱ्या मुलाला म्हटले. मी ऐकलं. त्यानंतर मी शेडमध्ये तोंड आवरतो, पण एकदा गेलेलं परत येत नाही.

तर माझे प्रश्न असे. एक, चुकलं नेमकं कुठे, कॅप्टन बदलला तिथे की बॉलिंग उभीच केली नाही तिथे? दोन, ५ ट्रॉफी देणाऱ्या रोहितला असं बाजूला केल्यावर आपण चिडायचं नाही तर काय करायचं, पण मग ते चिडणं कुठवर? आणि तीन, तुमच्यापैकी कुणी या टीमला सोडलंय का, आणि सोडता येतं का खरंच? मला येत नाहीये.


हर्णैकर, १८ मे २०२४

कातळवाट भाऊ, पहिल्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. कॅप्टनवरून सगळे भांडतायत पण टीम घसरली ती २०२२ च्या लिलावात. २०२० ची टीम आठवा. बुमराह २७ विकेट, बोल्ट २५ विकेट, दोन्ही बाजूंनी समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. त्यानंतर बोल्ट गेला, डी कॉक गेला, हार्दिक गेला (तो आत्ता कुठे परत आला), कृणाल गेला. आणि आपण ईशानवर १५ कोटी २५ लाख लावले, आर्चरवर ८ कोटी लावले जो त्या वर्षी खेळणारच नव्हता.

मी हर्णैचा. रोज संध्याकाळी बंदरावर लिलाव बघत मोठा झालोय. आमच्याकडे एखादी बाई नवीन धंद्याला उतरली की जुन्या बायका तिला पहिल्यांदा हेच शिकवतात, की पापलेटचा एक वाटा कितीही देखणा दिसला तरी सगळा पैसा त्याच्यावर घालायचा नाही, कारण गिऱ्हाइकाला कोळंबी पण लागते, बांगडा पण लागतो, आणि ते घ्यायला मग तुझ्याकडे काही उरत नाही. आपण नेमकं तेच केलं. आणि बोल्टला राजस्थानने उचलला. १ एप्रिलला वानखेडेवर पहिल्या ओव्हरमध्ये रोहित आणि नमन धीरला लागोपाठ शून्यावर घालवला कुणी? त्यानेच. मला त्या रात्री बू करणाऱ्यांपेक्षा ते जास्त लागलं, आपलं शस्त्र आपल्यावरच चाललं.

या वर्षी एकट्या बुमराहने २० विकेट काढल्या आणि ओव्हरला साडेसहाच्या आत रन दिले, अशा वर्षी जिथे अडीचशे म्हणजे रोजचं झालं. पण त्याच्या ४ ओव्हर, बाकीच्या १६ चं काय? हैदराबाद २७७, दिल्ली २५७, काल लखनौ २१४. रोहित कॅप्टन असता तरी त्या १६ ओव्हर कुणाकडून टाकून घेतल्या असत्या? २०२२ ला तोच कॅप्टन होता की.

बुमराहला तेराव्या ओव्हरपर्यंत ठेवला ते मात्र चूकच, त्यात मी हार्दिकची बाजू घेणार नाही.


मालवणी झील, १८ मे २०२४

मी घरात सांगान ठेवलंय, बुमराहाची ओव्हर इली की माका हाक मारा, नायतर निजान देवा. त्येका बघूक पैसे वसूल. बाकी माका आता काय्येक बघूचा नाय. कातळवाट, तुज्या झिलाक सांग, माणसा आपल्याच घरातल्यार जास्त तापतत. शेजाऱ्यार कोण एवढा तापता?


गुहागर ते विरार, १९ मे २०२४

मी १ एप्रिलला वानखेडेवर होते, म्हणून लिहिते. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या भावाने तिकिटं काढली होती. माझं माहेर गुहागरचं, विरारला राहते, रोजची ८.१२ ची लोकल. दादा, तुमच्या मुलाने विचारलं ना की आपलेच लोक का ओरडतायत, तर त्यातली एक मी होते.

का ओरडले ते सांगते. १५ डिसेंबरला मोबाईलवर बातमी वाचली की हार्दिक कॅप्टन. बस, एवढंच. दहा वर्षं ज्याने टीम चालवली, २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० अशा पाच ट्रॉफ्या आणल्या, त्याला आम्हा लोकांसमोर निरोप नाही, एक शेवटची मॅच नाही. आम्ही बोरिवली-विरारची माणसं त्याला टीव्हीवरचा हिरो मानत नाही, बोरिवलीत वाढलेला, किट घेऊन ट्रेनने मैदानावर जाणारा आपला मुलगा मानतो. ऑफिसमध्ये वीस वर्षं काम केलेल्या माणसाला न सांगता टेबल बदललं की आम्हाला जसं वाटेल तसं वाटलं. तो राग साठलेला होता आणि तो बाहेर काढायला दुसरी जागा नव्हती. हर्णैकर म्हणतात ते लिलावाचं बरोबर असेल, पण लोक लिलावासाठी नाही ओरडले.

आता पुढचं ऐका. टॉसला संजय मांजरेकर लोकांना म्हणाले नीट वागा, तर आवाज आणखी वाढला. मग आपली बॅटिंग, २० वर ४, सगळं स्टेडियम निळं आणि एकदम चिडीचूप. हार्दिक आला, त्याने ३४ केल्या, तेव्हाही काही लोक ओरडतच होते. आणि नंतर आपण फील्डिंगला उतरलो तेव्हा रोहित आमच्या बाजूला बाउंड्रीवर उभा होता, आणि बू सुरू झाल्यावर त्याने आमच्याकडे बघून हाताने खूण केली की बस करा.

मी बसले ती उठलेच नाही. ज्याच्यासाठी मी भांडत होते तोच मला गप्प बस म्हणत होता. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, पांढरी टोपी, त्यांनी मागे वळून एवढंच विचारलं, "आता कळलं?" शेवटच्या लोकलने घरी जाताना माझ्या मैत्रिणीने आणि मी चर्चगेट ते विरार एक शब्द बोललो नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच, चिडणं त्या खुणेपर्यंत. त्याच्यापुढे मी चिडले तर ते रोहितसाठी नाही, ते माझं माझ्यासाठी.


शिकागोतला देवगडकर, १९ मे २०२४

कातळवाट, तुमचा धागा दोनदा वाचला. पेंढा, भरणी, वाशीची गाडी, सगळं डोळ्यासमोर आलं. आमच्या आजोबांची कलमं होती, मी लहानपणी झेला धरून बांधावर उभा राहायचो.

मी २००४ ला इकडे आलो. क्रिकेट बघायला वेळ जुळत नव्हता, ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या माणसाने बेसबॉलला नेलं, शिकागोच्या दक्षिणेकडची टीम, व्हाईट सॉक्स. पुढच्याच वर्षी, २००५ ला, ते वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सगळ्यात मोठी ट्रॉफी, जिंकले, ८८ वर्षांनी. तो माणूस रडत होता आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो, मला धड नियमसुद्धा कळत नव्हते. तेव्हापासून मी त्यांचा.

आता ऐका आमची परिस्थिती. गेल्या वर्षी १०१ मॅच हरलो. या वर्षी पहिल्या २५ मॅचपैकी २२ हरलो. आणि सीझन १४ मॅचचा नसतो हो, १६२ मॅचचा असतो, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज. तुमचं दुःख परवा संपलं, माझं अजून चार महिने रोज संध्याकाळी येणार आहे. टीम पुन्हा उभी करायची म्हणून काही वर्षांपूर्वी चांगले चांगले खेळाडू देऊन टाकले आणि कोवळी पोरं घेतली, २०२१ ला आपल्या गटात पहिले आले, वाटलं आता आलं फळ, आणि नंतर सगळं गळून गेलं. तुम्ही बागायतदार आहात, मोहोर भरपूर येऊन फळ न धरण्याचं दुःख तुम्हाला सांगायला नको.

सोडता येतं का म्हणून विचारलंत. याच शहरात दुसरी टीम आहे, कब्ज. २०१६ ला त्यांनी १०८ वर्षांनी ट्रॉफी आणली. माझे अर्धे मित्र तिकडचे, सगळे सांगतात ये इकडे. मी एकदा प्रयत्न केला, त्यांच्या मॅचला गेलो, सुंदर मैदान, भिंतीवर हिरवे वेल, चांगली बिअर, आणि मी पूर्ण वेळ मोबाईलवर व्हाईट सॉक्सचा स्कोअर बघत होतो. परत गेलो नाही. रेड लाईनने ३५व्या स्ट्रीटला उतरलं की जे पोटात होतं ते दुसऱ्या स्टेशनला होत नाही.

एक करा, मुलाला हरलेल्या मॅचमधलं एक चांगलं दाखवत जा. मी मुलीबरोबर तेच करतो. आमचा क्रॉशे म्हणून एक डावखुरा पोरगा बॉल टाकतो, बघत राहावं असा. टीम हरली तरी आम्ही त्याच्याबद्दल बोलत घरी येतो.


कातळवाट, २० मे २०२४

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खरंच बरं वाटलं.

हर्णैकर, बोल्टचं तुम्ही म्हणालात ते मी या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. काल रात्री जुने स्कोअर काढून बसलो. २०२० ला पॉवरप्ले संपेपर्यंतच समोरची टीम अर्धी मोडलेली असायची. तुमचं मान्य. पण एक सांगतो, बॉलिंग कमी असली तर टीम हरते, टीम फुटत नाही. मैदानावर या वर्षी कुणी कुणाला विकेट पडल्यावर धड मिठी मारताना दिसलं नाही. २०१५ ला पहिल्या चार मॅच हरून आपण ट्रॉफी आणली, २०१४ ला पहिल्या पाच हरून राजस्थानविरुद्ध आदित्य तारेने त्या एका बॉलवर सिक्स मारून प्लेऑफला नेलं, कारण तेव्हा डगआउटमधली पाण्याची बाटली आणणारी पोरंसुद्धा उड्या मारत होती. या वर्षी ते नव्हतं. आता तिसऱ्यांदा स्लो ओव्हर रेट झाला (ओव्हर वेळेत संपल्या नाहीत) म्हणून पुढच्या सीझनची पहिली मॅच हार्दिक बाहेर बसणार, म्हणजे सुरुवातच परत अर्धवट.

ताई, तुमचं लिहिलेलं मी मुलाला वाचून दाखवलं. रोहितने खूण केली तिथे तो म्हणाला परत वाच. तीनदा वाचलं. मग त्याने विचारलं, त्या आजोबांची टोपी गांधीटोपी होती का क्रिकेटची? जमलं तर सांगा, तो थांबलाय उत्तरासाठी.

देवगडकर, उद्यापासून शेवटची तोडणी आहे, पावसाच्या आत आटपायचंय. क्रॉशेला आमच्या शेडमधून नमस्कार सांगा.


गुहागर ते विरार, २० मे २०२४

गांधीटोपी होती, कडक इस्त्रीची. आणि खांद्यावर मुंबई इंडियन्सचा टॉवेल.


हर्णैकर, ३० जून २०२४

धागा वर काढतोय, कारण काल रात्री बार्बाडोसची टी-२० वर्ल्ड कपची फायनल बघून मला पहिला हाच धागा आठवला. दापोलीकडे दिवसभर पाऊस ओतत होता, लाईट दोनदा गेली, शेवटच्या पाच ओव्हर आम्ही गाडीत बसून चार्जरला मोबाईल लावून बघितल्या. आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० हव्या होत्या. क्लासेन मारतोय, सहा विकेट हातात, संपलंच होतं.

आणि क्लासेनला काढला कुणी? हार्दिकने. मधे बुमराहने दोन ओव्हरमध्ये गळा आवळून ठेवला. शेवटच्या ओव्हरला १६ हव्यात, बॉल परत हार्दिकच्या हातात, कॅप्टन रोहितने दिलेला. पहिल्या बॉलवर मिलर, आणि सूर्याने बाउंड्रीच्या दोरीवर तो जो कॅच घेतला. मोजा, रोहित, हार्दिक, बुमराह, सूर्या. चारही आपले. दीड महिन्यापूर्वी दहाव्या नंबरवर असलेले.

माझ्या शेजारी माझे वडील बसले होते, बोलणारे नाहीत. हार्दिक रडायला लागला आणि रोहितने त्याला मिठी मारली तेव्हा त्यांनी गाडीची काच खाली केली आणि पावसात हात बाहेर काढून बसले.

माझं बॉलिंगबद्दलचं मत मी बदलणार नाही. पण टीम फुटलेली होती असं कातळवाटने म्हटलं होतं, त्यावर मी रात्रभर विचार करतोय. फुटलेली माणसं अशी खेळत नाहीत. मग एप्रिलमध्ये काय होतं?


गुहागर ते विरार, ५ जुलै २०२४

काल मरीन ड्राईव्हला वर्ल्ड कपच्या विजयाच्या मिरवणुकीला गेले होते. चर्चगेटला उतरल्यावर रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी. पाऊस येऊन गेलेला, चपला गर्दीत कुठे गेल्या ते कळलं नाही, बस पुढून गेली तेव्हा एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंच करून मला रोहितचा हात आणि ट्रॉफीचा वरचा भाग एवढंच दिसलं. आत स्टेडियममध्ये जाता आलं नाही, बाहेर उभं राहून ऐकलं. त्याच वानखेडेवरून "हार्दिक, हार्दिक" असा आवाज येत होता. मी पण म्हटलं. घसा बसलाय, आज ऑफिसला बोलता येत नाहीये.

हर्णैकर, एप्रिलमध्ये काय होतं विचारलंत. आम्ही होतो. मला तरी असंच वाटतं. आपल्या घरच्या मैदानावर रोज उतरायचं आणि आपल्याच लोकांचा आवाज अंगावर घ्यायचा, त्यात कुणाचा बॉल सरळ पडेल?


कातळवाट, ७ जुलै २०२४

भातलावणी चालू आहे म्हणून उशीर. ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी शेतात पण तेच डोक्यात घेऊन फिरलो. सगळा दोष लोकांवर टाकायला माझं मन तयार नाही. २७७ झाले ते हैदराबादमध्ये, आणि बुमराहला कधी आणायचं ते लोकांनी ठरवलं नव्हतं. पण अर्धा दोष घेतो, माझ्या वाट्याचा.

मुलाला फायनल दाखवायला रात्री उठवला होता. हार्दिकची शेवटची ओव्हर त्याने माझ्या दंडाला धरून बघितली, बोटांचे ठसे उठले होते. जिंकल्यावर ओरडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मी त्याला जे म्हटलं होतं ते त्याला कळलं असेल का?" मी म्हटलं नाही रे, कसं कळेल. तो म्हणाला, "पण मी म्हटलं होतं ना."


शिकागोतला देवगडकर, २८ सप्टेंबर २०२४

तुम्हाला सांगितलं होतं माझं दुःख चार महिने चालणार आहे. काल रात्री डेट्रॉइटला ४-१ ने हरलो. १२१ वी हार. एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त हारींचा १९०० नंतरचा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२० हारींचा, तो आता आमच्या नावावर. मध्ये एकदा लागोपाठ २१ मॅच हरलो, ऑगस्टमध्ये मॅनेजरला काढलं, काही फरक नाही.

पण एक सांगायला आलो. या आठवड्यात १२० वर अडकलेलो असताना घरच्या मैदानावर शेवटच्या तीन मॅच होत्या, एंजल्सबरोबर. तिन्ही जिंकलो. मंगळवारी मी आणि मुलगी गेलो होतो. लोक मालकावर चिडून टीम विकून टाका असं ओरडत होते, ते मी पण ओरडलो, लपवत नाही. पण पोरांनी मॅच फिरवली आणि एकदम सगळे उभे. मुलगी बारा वर्षांची आहे, हरलेलीच टीम बघत मोठी झालीय. घरी येताना रेड लाईनमध्ये तिने तिकीट दोनदा घडी घालून मोबाईलच्या कव्हरमागे ठेवलं. अजून तिथेच आहे.

कातळवाट, मुलगा कसा आहे?


कातळवाट, २९ सप्टेंबर २०२४

बरा आहे. भात पिवळं पडायला लागलंय, पाऊस उघडला की कातळावर खेळायला जातो. मे महिन्यापासून बुमराहसारखा हात ताठ ठेवून बॉल टाकतो, खांदा दुखतो म्हणून आई ओरडते. ४५ नंबरचा शर्ट काखेत उसवलाय, नवीन घेऊया म्हटलं तर नको म्हणाला, आईकडून शिवून घेतला. परवा विचारत होता की पुढच्या वर्षी पहिल्या मॅचला हार्दिक नाही तर टॉसला कोण येणार.

तुमच्या क्रॉशेचं पण विचारलं. तो तिथेच राहणार आहे का?